दोर माह्या हातात व्हता

माहं नाव गिरजा, मी तापीकाठची. वरणगावहून सकाळी गाडी जुंपली तं जेवणवेळेपर्यंत पोचता येतं असं माहं माहेर, वरच्या अंगाले केळीवाल्यायची घरं, खालच्या अंगाले नदीले लागून आमची भोयायची, अन् आमच्या दारातून हाक मारली तं ऐकू जाईल इतक्या अंतरावर डोह. तुम्ही लिहून घेता म्हने मास्तर, तं तो डोह पहिले लिहा, कारण माहं जे बरंवाईट झालं ते बठ्ठं त्याच्याच आजूबाजूले झालं. उन्हाळ्यात तापी वाळूत हातभर होऊन जाते, पण डोहाचा तळ कोणी कधी उघडा पाह्यला नही. माहा बाप म्हने, नदीतले मासे उन्हाळाभर तठीच येऊन राह्यतात, पुढच्या सालाचं बी तठीच असतं. बाप जाळं टाके अन् उन्हाळ्यात वाळूत टरबुजाची वाडी लावे. वाळल्या भोपळ्यावर पोट टेकवून त्यानं मले पोहणं शिकवलं, मंग मी माह्या पाठच्या भावाले, नामदेवले, तसंच शिकवलं. माय लवकर गेली, नामदेव माह्या कडेवरच वाढला, तो पाण्यात पहिल्यांदा उतरला तेव्हा त्यानं माहा पदर दोन्ही हातानं धरला व्हता अन् मी म्हटलं सोड, मी आहे ना. हे आताच सांगून ठेवते, पुढं लागनार आहे.

लग्न झालं ते धुळ्याकडं, शिरपूरच्या खालतं. नदी तीच, पण बोली पार वेगळी. सासू म्हने आठे बस, म्हनजे इथं बस, मले वाटलं आठ काय मोजायले लावते ही, मी उभीच. बठ्ठे हसले. आमच्या घरचे पाणबुडे. त्याहीचं नाव मी घेत नही, तुम्ही सुकदेव लिहा, गाव तेच म्हनतं. इहिरीत भांडं पडलं तं गळ टाकून निघतं, पण गळाले जे सापडत नही त्याच्यासाठी माणूस लागतो, मोट पडली, चाक पडलं, कोणाच्या गळ्यातली पुतळी पडली. मंग केळीवाल्यायनं इंजनं बसवली, इंजनाच्या पाइपाले खाली फुटवाल राह्यतो, त्याच्यात गाळ अडकला का पाणी चढत नही, अन् केळीले पाणी भेटलं नही तं ती मान टाकते, तं लोक पहाटंच गाडी घेऊन आमच्या दारी. घरचे कमरेले दोर बांधत, हातात पान्हा घेत अन् उतरत. दमाचे असे पक्के का काठावरच्या लोकायचा जीव घाबरा होये अन् हे मंग शांतपणे वर येत, डोळे चोळत, जसे झोपेतून उठले.

दोर पहिले माहे जेठ, घरच्यायचे मोठे भाऊ, धरत. स्वातंत्र्य आलं त्या साली जेठ धुळ्याले मिलमधे लागले, दोर धरायले कोणी राह्यलं नही. एक दिवस भाकरी खाता खाता घरचे मले म्हने, उद्यापासून दोर तू धरशी. मी म्हटलं मी बाई माणूस, लोक काय म्हनतील. ते म्हने, लोकेसना हातमा मना जीव नही शे, तुना हातमा शे. मंग त्याहीनं शिकवलं. खालून एक झटका म्हनजे मी बरा शे, दोन म्हनजे सैल सोड, तीन म्हनजे ओढ. मी वरून एक दिला का खालून एक याले पाहिजे, नही आला तं विचार करत बसायचं नही, ओढायचं. अन् दोर हातात असताना कोणाशी बोलायचं नही, पाटील असो का फौजदार असो. मी म्हटलं अन् सासूनं हाक मारली तं. ते म्हने, सासूले बी नही. हे मात्र मले आवडलं.

जामनेरकडच्या एका इहिरीचं सांगते. बंद पडलेली जुनी इहीर, मालकाले इंजन बसवायची घाई. बंद इहिरीत खराब हवा साचते, म्हनून आमचा रिवाज असा का पहिले कंदील सोडायचा, कंदील जळत राह्यला तं माणसानं जायचं. मी कंदील सोडला, अर्ध्यात गेला अन् विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. मी म्हटलं आज उतरायचं नही. मालक म्हने हवेनं विझला असेल, बाईच्या सांगण्यानं का कामं थांबतात. घरचे इहिरीच्या काठावर पाय सोडून बसले व्हते, ते उठून उभे राह्यले अन् म्हने, ती नही म्हनी ना, मंग नही. निंबाच्या फांद्या दोराले बांधून दुपारपर्यंत खालीवर करत राह्यलो, वरून पाण्याच्या घागरी ओतल्या, तेव्हा कुठी कंदील तळापर्यंत जळत गेला. मालकानं मंग जेवू घातलं आम्हाले, पण माह्याकडं पाह्यलं नही.

असे सालं गेले. मंग माह्या माहेरच्या गावाजवळ तापीवर पुलाचं काम निंगालं, डोहाच्या जरासं वरच्या अंगाले. पाण्याखाली काम करायले मुंबईच्या गोदीतून एक उस्ताद आणले व्हते, हसनमियां, दाढी पांढरी, हात लोखंडासारखे. त्याहीच्याजवळ तांब्याचा टोप, टोपाले काचेच्या खिडक्या, ताडपत्रीसारख्या जाड कापडाचा पोशाख, शिशाचे जोडे. टोपाले रबरी नळी, नळी वर तराफ्यावरच्या पंपाले, अन् पंपाचं चाक दोन माणसं फिरवत, तेव्हा खालच्याले हवा. उस्तादले जोडीदार पाहिजे व्हता, कोणी तरी घरच्यायचं नाव सांगतलं. आम्ही माहेरीच येऊन राह्यलो. पुलाचे इंजिनेर साहेब म्हने बाई तराफ्यावर नको. घरचे म्हने मंग मी बी नको. उस्तादनं मले दोर दिला, स्वतः खाली गेले, अर्ध्या तासानं वर आले अन् साहेबाले म्हने, साब, इस बाई का हाथ कान है. तेव्हापासून दोर माहा. खाली माणूस असला का तराफ्यावरच्या बांबूले लाल फडकं लावायचं हे कामही माह्याकडंच, म्हनजे नावाडी, भोई, कोणी तिकडं काही टाकणार नही.

उस्ताद जेवताना समुद्राच्या गोष्टी सांगत. तठी म्हने दगडायले फुलं येतात अन् ती फुलं जित्ती असतात, हात लावला का मिटतात. हात लावू नये, आपण तठी पाव्हणे, पाव्हण्यानं डब्यात हात घालू नये. एक दिवस साहेब भुसावळले गेले व्हते, काम बंद, चैत संपत आलेला, पाणी काचेसारखं. उस्ताद मले म्हने, रस्सी पकडनेवाले को नीचे का मालूम होना. आज तू जा. मी घरच्यायकडं पाह्यलं, ते हसू दाबत म्हने, जाय ना.

काय सांगू तुम्हाले मास्तर. लुगड्याचा कासोटा घट्ट मारून त्याच्यावर तो पोशाख चढवला, टोप फिरवून बसवला तेव्हा जग बंद झाल्यासारखं झालं, नुसता पंपाचा आवाज, भात्यासारखा. दोर त्या दिवशी घरच्यायनं धरला. डोहाच्या उताराच्या अंगानं एकेक पाऊल मी खाली गेली, कान दुखले तं उस्तादनं सांगतल्यासारखी थुंकी गिळली. हिरवा उजेड. अन् शेवाळाजवळ मले लाल धूर दिसला, जवळ गेली तं धूर नही, पिलं, मरळ माशाची बारीक लाल पिलं, शेकड्यानं, एका ठिकाणी घोळ करून. खाली मरळ उभी. मी अजून एक पाऊल टाकलं तं ती सरळ येऊन माह्या काचेवर आदळली. मागं गेली, पुन्हा आदळली. मी एवढी टोपवाली, शिशाचे जोडे घातलेली, अन् ती हातभर मासोळी मले माह्या तोंडावर सांगते का जाय इथून. मी गेली मागं. पुढं खडकाच्या आडोशाले मोठे मासे एका रांगेत तोंड वर करून उभे व्हते, साहेब त्यायले महाशीर म्हने, एक कासव माह्या पायावरून गेलं. जन्म माहा त्या डोहाच्या काठावर गेला, मासे मी टोपलीतच पाह्यले व्हते. वर आल्यावर उस्तादनं विचारलं क्या देखा. मी म्हटलं बाळंतिणीची खोली.

आता वाईट सांगते. पुलाच्या पायासाठी खडक फोडत, त्याचे तोटे, म्हनजे सुरुंगाच्या दारूच्या कांड्या, गोडावूनमधे राह्यत, अन् गोडावूनचा मुकादम चोरून ते बाहेर देत असे. तोटा पेटवून पाण्यात टाकला का मासे फुगून वर येतात, जाळं नको, मेहनत नको. आमच्या नामदेवनं ते धरलं. एकदा घरच्यायले म्हने दाजी, बरेच मासे तळाले बसतात, एक बुडी मारा ना. घरच्यायले तवर ठाऊक नव्हतं हे काय प्रकरण आहे, ते गेले. वर आले ते मूठ बंद करून आले अन् नामदेवच्या पुढं मूठ उघडली, बोटाच्या पेरायएवढी पिलं, मेलेली. म्हने, वर दिसतंस त्या चार, तठे तळले बठ्ठा मरेल शेतस, म्हनजे वर चार दिसले तरी तळाले बठ्ठे मेलेले. दुसऱ्यांदा ते त्याच्यासाठी उतरले नही. मी नामदेवले घरी बोलावलं, म्हटलं हे सोड. तो म्हने अक्का, पुलाच्या धुरळ्यानं जाळ्याले काही लागत नही, चूल कशानं पेटवू. मी म्हटलं दुसरं पाह्य. तो हो म्हने. खालच्या मानेनं हो म्हने, तेव्हाच मले समजायले पाहिजे व्हतं.

त्या दिवशी उस्ताद तापानं फणफणून काठावरच्या झोपडीत पडले व्हते. एक जड कप्पी डोहाच्या वरच्या तोंडाशी पाण्यात पडली, पावसाळा तोंडावर, साहेब म्हने आत्ताच काढा. आम्ही गेलो. घरच्यायनं टोप चढवला, उतरले. अन् मास्तर, हे मी पुष्कळ जणायले सांगतलं नही पण तुम्ही लिहून घ्या. लाल फडकं मी सकाळी धुवून बाभळीवर वाळत टाकलं व्हतं. घाईत ते आणायचं मी विसरली. बांबू तसाच उघडा.

मी एक झटका दिला, खालून एक आला. थोड्या वेळानं पुन्हा दिला, पुन्हा आला. मंग नदीच्या वळणाकडून धप्प झालं, मोठा आवाज नही, कोणी धान्याचं पोतं टाकावं तसं, अन् पायाखालचा तराफा थरथरला. मी झटका दिला. काही नही. दुसरा दिला, दोर हातात मेल्यासारखा. पंपावरच्या दोघायनं वळणाकडं पाह्यलं, एकाचा हात चाकावरून सुटला. मी त्याहीच्याकडं न पाहता म्हटलं, हात थांबला तं खालचा माणूस गेला, फिरवा. आवाज माहा चढला नही, मलेच मंग नवल वाटलं. तराफ्यावर अजून एक गडी व्हता, त्याले जोडीले घेतलं अन् ओढायले लागली. शिशाचे जोडे, तांब्याचा टोप, वर माणसाचं वजन, तळहाताची कातडी दोराले लागून निंगाली ते मले संध्याकाळी समजलं. झटके द्यायचे नही, एका चालीनं ओढायचं हे उस्तादनं शिकवलं व्हतं, तसंच ओढलं. वर घेतले, टोपाची काच उघडली, नाकातून रक्त, कानातून रक्त, पण श्वास व्हता. उस्ताद तापात होडी करून आले, त्याहीनं घरच्यायच्या छातीले कान लावला अन् म्हने, जिंदा है. कान गए.

तेवढ्यात वळणावरून नामदेवची होडी आली. होडीत मासे, काही अजून तडफडत व्हते. त्यानं त्याच्या दाजीकडं पाह्यलं, मंग उघड्या बांबूकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

दवाखान्यात घरचे महिनाभर व्हते. खोकल्यातून रक्त पडे ते थांबलं, छातीतली जखम भरून आली, उजवा कान गेला तो गेलाच, डाव्यानं तोंडाजवळ बोललं तं थोडं. पाण्यात उतरायचं आता कायमचं बंद असं डॉक्टरनं सांगतलं. साहेबानं गावात विचारणा केली, तोटा कोणी टाकला, कोणी तोंड उघडलं नही. नामदेव बऱ्हाणपूरले सासुरवाडीले पळायच्या बेतात आहे असं भावजय मले रडत सांगून गेली. मी मंग घरच्यायच्या डाव्या कानाशी बसून बठ्ठं सांगतलं, नामदेवचं सांगतलं अन् फडक्याचंही सांगतलं. ते कोपरावर टेकून उठले. मंग बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं म्हने, त्याले म्हन, एकदाव डोहमा उतर, देख, मंग पळ.

नामदेव आला. का आला काय ठाऊक, पण आला. सकाळची वेळ, डोहावर आम्ही दोघंच. मी बाभळीवरचं फडकं आणून, काठीले बांधून काठावर रोवलं, त्याच्या कमरेले दोर बांधला, खुणा सांगतल्या. तो म्हने अक्का, तू धरशील ना. मी म्हटलं उतर. तो गेला खाली अन् दोर माह्या हातात. खोटं नही सांगणार तुम्हाले, एक घटका मनात आलं, ज्यानं माह्या माणसाचे कान नेले त्याचा दोर मी काऊन धरू. हाताच्या जखमा ओल्या व्हत्या, दोर त्यायच्यात रुतत व्हता. मंग डोळ्यापुढं ते आलं, माहा पदर धरलेले त्याचे दोन हात. मी एक झटका दिला. खालून एक आला. मले रडू आलं पण दोर हातात असताना रडायचं नही म्हनून नही रडली.

तो दम संपेपर्यंत खाली राह्यला. वर येऊन वाळूत बसला, पाणी निथळत. म्हने अक्का, शेवाळ्यात काही नही. मरळ नही, पिलं नही, खडकाखाली नुसते काटे. मी तुले काय सांगू, तठी असा शांतपणा आहे का भीती वाटते. मी म्हटलं साहेबाले तू सांगशील का मी. तो म्हने मी. मी म्हटलं फडक्याचं मी सांगते. तो ओल्या अंगानं अन् मी त्याच्या संगं, तसेच गेलो. फौजदारानं त्याले नेलं, काही दिवस आत राह्यला. मुकादमाले कामावरून काढलं, गोडावूनले दोन कुलपं लागली. फडक्याचं साहेबानं ऐकून घेतलं अन् मले काही बोलले नही. बोलले असते तं बरं वाटलं असतं.

नामदेव सुटून आला तेव्हा मारुतीच्या पारावर गाव बसलं, पाटील व्हते, आमचे भोई व्हते, उस्ताद मुद्दाम आले. मी उठून बोलली. बाया पाठीमागं भिंतीले उभ्या, त्यायच्यातून कोणी तरी माहा पदर ओढला, तरी बोलली. म्हटलं तुम्ही वरून पाणी पाह्यता, मी खाली जाऊन आली, तठी पिलांच्या अंगावर उभी राह्यलेली माय मी पाह्यली. तोटा एकाच्या पोटासाठी टाकला जातो अन् बठ्ठ्यायच्या पोटचं नेतो. एक म्हातारा म्हने, मासे काय माणसाचे लेकरं आहेत का, येतील पुन्हा. माहा बाप तवर जिता व्हता, काठीवर हनुवटी टेकून बसलेला, तो म्हने कुठून येतील, बीच खाल्लं तं. ठरलं असं का डोहात तोटा कधी नही, अन् शिमगा झाल्यापासून नदीले पहिला पूर येईपर्यंत डोहात जाळं बी नही. मानलं बठ्ठ्यायनं, पाळलं थोड्यायनं. दुसऱ्या सालीच दोघायनं जाळं टाकलं, नामदेवनं ते ओढून आणून पारावर ठेवलं, मारामारी झाली, त्याच्या भुवईवर खूण आहे अजून. मी त्याच्याशी दोन पावसाळे धड बोलली नही. एका आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, तो माह्या दारात येऊन बसला, दारात टेकवून टरबूज ठेवलं अन् बसून राह्यला, मी चहा ठेवला.

पूल कधीचाच झाला, उस्ताद मुंबईले गेले. जाताना घरच्यायच्या पायाशी ते शिशाचे जोडे ठेवून गेले, म्हने अब मेरे से नही उठते. आम्ही आता इकडंच राह्यतो, घरचे जाळी विणतात, नवीन गड्यायले दोराच्या गाठी शिकवतात, गाठ चुकली तं मोठ्यानं ओरडतात, आपण ओरडतो हे त्यायले समजत नही. रागावत नहीत ते कधी माह्यावर, फडक्याचं एकदाही काढलं नही. इहिरीचं काम नामदेव करतो. दोर मीच धरते. फडकं मी आता घरात ठेवतच नही, कमरेले खोचलेलं राह्यतं.

गेल्या साली आपलं मराठी राज्य झालं म्हने, तुम्ही शाळेत झेंडा लावला, लाडू वाटले, आम्हाले बी भेटले. चांगलं झालं. डोहात पहिल्यासारखे मासे नहीत, ते मोठे महाशीर मले पुन्हा दिसले नही, येतील का नही देव जाणे. पण मागच्या चैतात नामदेव वर आला अन् म्हने अक्का, शेवाळाजवळ लाल दिसलं. मी विचारलं मरळ व्हती का जवळ. तो म्हने, व्हती ना, मले धरून मारलं तिनं. हसत व्हता.

बस, झालं मास्तर, एवढंच माहं. तुमच्या लेकराबाळायचं भलं होवो. उन्हाळ्यात पोरं नदीवर नेता तुम्ही, न्या, पाणी चांगलं आहे, पोहलं पाहिजे. फक्त एकट्याले कोणाले उतरू देऊ नका, काठावर कोणी तरी पाहत राह्यलं पाहिजे. अन् जाताना थांबा, आज आखाजी, सांजोऱ्या केल्या आहेत, चार पदरात बांधून देते.